आंद्राद तळे

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको आहे. माझ्या घड्या फाटल्या आहेत, एक कोपरा उंदराने नेला आहे, आणि कागदाचा रंग शिळ्या चहासारखा झाला आहे. त्याचे मला काही वाटत नाही. माझ्याबद्दल आजवर दोन गोष्टी बोलल्या गेल्या. काहीजण म्हणाले, हा अमोल ठेवा आहे. काहीजण म्हणाले, हा धादांत चुकीचा आहे. मला दोन्ही मान्य नाहीत. मी काय आहे ते मीच सांगतो, म्हणजे मध्ये कुणी तोंड घालायला नको.

माझा मुलूख मॅसॅच्युसेट्समधला, ऑल्डर नदीच्या काठचा. ही नदी काही मोठी नाही. दलदलीतून वळणे घेत घेत समुद्राला मिळते, एवढेच. पण तिच्या दोन्ही अंगांना क्रॅनबेरीची खाचरे आहेत. करवंदाएवढे लाल, आंबट फळ ते, आणि त्याची वेल जमिनीलगत सतरंजीसारखी पसरते. या वेलीला दलदलीची काळी माती लागते, वरून वाळू लागते, आणि हिवाळ्यात पाणी लागते. कडाक्याच्या थंडीत उघडी वेल वाऱ्याने करपून जाते. म्हणून डिसेंबर आला की बांधातल्या दारांना फळ्या लावायच्या, नदीचे पाणी अडवायचे आणि अख्खे खाचर बुडवून टाकायचे. वर बर्फ धरतो, खाली वेल सुखाने झोपते. बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावर वाळू पसरायची. वसंतात बर्फ वितळतो आणि ती वाळू आपोआप वेलीवर जाऊन बसते. मग फळ्या काढायच्या, की पाणी नदीला परत. हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असते.

ठाऊक नव्हते ते फक्त मला जन्म देणाऱ्या माणसाला.

त्याचे नाव विल्बर. नुकतेच मिसरूड फुटलेला शहरी, सरकारी मोजणीदार होता तो. तिपाई, फळी आणि दुर्बीण खांद्यावर टाकून तो ऐन डिसेंबरात ऑल्डर नदीवर येऊन धडकला. गावातली खानावळ हिवाळ्यात बंद असे. त्याला आसरा दिला फाउस्तिनो आंद्रादने.

फाउस्तिनो आफ्रिकेजवळच्या फोगो बेटावरून शिडाच्या जहाजाने आलेला माणूस. कित्येक वर्षे त्याने दुसऱ्यांच्या खाचरात गुडघ्यांवर रांगत फळे तोडली. मजुरांची हजेरी घेणाऱ्याने त्याचे नाव कधी धड लिहिले नाही. कधी अँड्र्यूज लिहिले, कधी अँडी, एकदा तर नुसते ‘तो फोगोवाला’. पुढे त्याने कुणालाही नको असलेली एक दलदल विकत घेतली. झाडे तोडली, बुंधे बैलांनी ओढून काढले, जमीन समतल केली, ढकलगाडीने वाळू आणून पसरली आणि वेलीचे तुकडे एकेक करून हाताने खोवले. बांध तर असा घातला की पाण्याचा थेंब बाहेर जायचा नाही. गावातल्या जुन्या घराण्यांची खाचरे गळत असत, फाउस्तिनोचे गळत नसे. याचा त्याला किती अभिमान होता म्हणून सांगू.

तर एका सकाळी विल्बर त्या बांधावर उभा राहिला. समोर स्वच्छ निळे पाणी, कडेला बर्फाची किनार. त्याच्या शेजारी फाउस्तिनो.

“काय सुरेख तळं आहे हो,” विल्बर म्हणाला. “नाव काय याचं?”

फाउस्तिनोने त्याच्याकडे पाहिले. मग पाण्याकडे पाहिले. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता तो म्हणाला, “आंद्राद तळं.”

“कसं लिहायचं?”

फाउस्तिनोने एकेक अक्षर सांगितले. मग परत एकदा सांगितले, आणि विल्बरने ते बरोबर लिहिले आहे ना, ते वाकून पाहिले.

त्या दिवशी जेवताना त्याची बायको मका आणि घेवड्याचा दाट रस्सा, कातशुपा, वाढत होती. ती आपल्या बोलीत हळूच म्हणाली, “अहो, त्या पोराला खरं काय ते सांगा.”

“सांगतो की. जेवू दे आधी त्याला.”

“उद्या सकाळी जाईल तो.”

“मग सकाळी सांगतो. तू त्याला अजून थोडं वाढ, काडी झालीय पोराची.”

सकाळी विल्बर गेला. फाउस्तिनोने त्याला गाडीपर्यंत पोचवले, वाटेत खायला तळलेले गोड गुफोंग बांधून दिले, आणि खरे मात्र सांगितले नाही.

आता तुम्हीच सांगा, विल्बर खोटा का? त्याने जे पाहिले ते काढले. नदीच्या काठची एकूण एक खाचरे त्या वेळी पाण्याखाली होती, म्हणून त्याने एकूण एक निळी रंगवली. बाकीची मंडळी शेगडीपाशी बसून होती. त्याने तिथे कुणाला नाव विचारले नाही, आणि कुणी उठून सांगितलेही नाही. म्हणून माझ्या अंगावर निळे डाग खूप आहेत, पण नाव एकाच डागाला आहे. मी चुकीचा नाही. मी डिसेंबरचा आहे. माझ्यावर ‘हिवाळ्यात काढलेला’ एवढे दोन शब्द छापायला कुणाचे हात झिजले असते का? पण ती चूक माझ्या माथी मारू नका.

त्या नकाशाच्या छापील प्रतींपैकी मी एक. ही प्रत विल्बरने आठवणीने फाउस्तिनोला पोस्टाने पाठवली. फळे निवडायच्या शेडमध्ये त्याने मला चार खिळ्यांनी ठोकले, आणि माझे खरे आयुष्य तिथे सुरू झाले.

मित्रांनो, नकाशाला कामाचा हात लागावा लागतो, तरच तो नकाशा. माझ्या तपकिरी रेषा उंचसखल दाखवतात. गार हवा पाण्यासारखीच उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. दव गोठायची भीती असली की फाउस्तिनो माझ्या रेषांवर अंगठा फिरवत फिरवत आधी कुठल्या दाराच्या फळ्या चढवायच्या ते ठरवायचा. तो अंगठा वाळूने खरबरीत झालेला असे. माझ्यावर कॉफी सांडली, फळांच्या रसाचे शिंतोडे उडाले. मी कधी कुरकुर केली नाही.

आणि तोडणीच्या दिवसांत दरवर्षी तीच फर्माईश व्हायची. “न्यो फाउस्तिनो, तळ्याची गोष्ट सांगा ना.” म्हातारेकोतारे मजूरही त्याला मानाने न्यो म्हणत. मग तो माझ्यासमोर उभा राहून सांगायचा, “सरकारला वाटलं, हे देवानं केलंय. माझा बांधच असला पक्का. आणि वाचा इथं. आंद्राद. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.” सगळे हसत. शेजारपाजारचे खाचरवाले येत, आपापली बुडालेली खाचरे माझ्यावर शोधत आणि तेही हसत. हसण्यासारखेच होते ते. पण हसताना कुणाच्या मनात आले नाही की छापलेली थट्टा कागदावर तशीच राहते, आणि ती हसणारी माणसे मात्र राहत नाहीत.

फाउस्तिनो गेला. खाचर त्याच्या लेकीने, बेल्मिराने, चालवायला घेतले. तीही बापासारखीच. बोलायला तिखट, कामाला वाघ. तिचा शेजारी तोइवो राउतिओ हा फिनलंडवाल्यांचा मुलगा, नदीपलीकडच्या खाचराचा मालक. दोघांचे एकमेकांवाचून चालत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

पुढे गावाची शंभरी आली आणि ग्रंथालयाच्या बाई बेल्मिराकडे मला मागायला आल्या. बेल्मिराला वाटले, बापाचे नाव सगळ्या गावाला दिसेल. तिने खिळे स्वतः उपटले. मला चौकटीत घातले, वर काच लावली, दिवा लावला आणि खाली पाटी लावली, ‘हात लावू नये’. तुम्ही म्हणाल, केवढा मान. माझ्या मते ती नजरकैद होती. माणसे माझ्यासमोरून मागे हात बांधून जात. ‘वा, किती जुना’ म्हणत आणि पुढे सरकत. माझ्या रेषांवर कुणाचा अंगठा फिरेना. मी आतल्या आत धुमसत होतो.

आणि मग नेमका ज्याने मला बारकाईने वाचले, तो लबाड निघाला.

बेल्मिराच्या खाचराला लागून असलेली टेकडी एका कंपनीने घेतली होती. तिथे शहरी लोकांसाठी उन्हाळी बंगले बांधायचे होते. बंगल्यांपुढे तळे हवे, तळ्यात होड्या हव्यात, तर भाव येतो. बेल्मिरा खाचर विकेना. तेव्हा कंपनीचा वकील, लोरिंग त्याचे नाव, ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ पाहत राहिला आणि हसला. त्या हसण्याने माझ्या काचेला घाम फुटला.

त्या राज्याचा कायदा असा, की मोठे तळे नैसर्गिक असेल तर ते कुणा एकाचे नसते, सगळ्यांचे असते. त्यातले पाणी सोडून द्यायला मालकाला मनाई. म्हणजे बेल्मिराचे खाचर नैसर्गिक तळे ठरले, की वसंतात फळ्या काढता येणार नाहीत. पाणी बारा महिने राहणार. पाण्याखाली वेल हिवाळाभर झोपते, पण उन्हाळ्यात तिला उठावे लागते. उठू दिले नाही तर ती मरते. एकेक तुकडा हाताने खोवलेली फाउस्तिनोची सगळी वेल.

कंपनीने गावसमितीकडे अर्ज केला, आणि सुनावणी मुद्दाम फेब्रुवारीत लावून घेतली. आदल्या दिवशी समितीची माणसे बांधावर जाऊन पाहून आली. त्यांना काय दिसले? पाणी. वर बर्फ.

सुनावणीला मला काचेसकट उचलून सभागृहात नेले आणि एका तिपाईवर सगळ्यांसमोर उभे केले. कंपनीचा साक्षीदार म्हणून. मित्रांनो, एवढा अपमान माझा उंदरानेही केला नव्हता.

सभागृह भरलेले होते. नदीकाठचे सगळे खाचरवाले होते. आयुष्यभर माझ्यापुढे उभे राहून हसलेली हीच माणसे आता बुटांच्या टोकांकडे पाहत बसली होती. शेजारचे बेल्मिराचे खाचर मागताहेत, आपले तर नाही ना मागत? मग कशाला नसती भानगड. काचेआडून मला त्यांचे चेहरे दिसत होते, आणि मला बोलता येत नव्हते.

“हा नकाशा कुणाच्याच बाजूचा नाही,” लोरिंग म्हणाला. “याला काही विकायचं नाही, काही राखायचं नाही. आणि यावर स्वच्छ छापलंय, आंद्राद तळं. मिस आंद्राद, हे नाव कुणी सांगितलं?”

“माझ्या वडिलांनी.”

“त्यांनी खाचर सांगितलं नाही. तळं सांगितलं.”

“थट्टा केली त्यांनी,” बेल्मिरा म्हणाली. “मोजणीला आलेल्या मुलानं कधी खाचर पाहिलंच नव्हतं. त्याला तळं वाटलं, पपांनी मान डोलावली.”

“म्हणजे तुमच्या वडिलांनी सरकारी माणसाला खोटं सांगितलं?”

बेल्मिराने माझ्याकडे पाहिले. तिच्या बापाचे नाव सबंध जगात दोनच ठिकाणी नीट लिहिलेले होते, थडग्यावर आणि माझ्यावर. आणि आता ते नाव वाचवायचे तर खाचर जात होते, खाचर वाचवायचे तर तिला भर सभेत बापाला खोटारडा म्हणायचे होते. ती खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होती. मी मनात ओरडत होतो, म्हण, बाई, म्हण. तो मेलेला माणूस तुझ्यावर रागावणार नाही.

“हो,” ती शेवटी म्हणाली. “खोटं सांगितलं. पपा खोटं बोलले.”

लोरिंगने कागद आवरायला घेतले.

“थांबा, माझं झालं नाही अजून,” बेल्मिरा म्हणाली. “पपा खोटं बोलले ते त्यांच्या एका खाचरापुरतं. बाकीची निळी कुणाच्या खोट्यानं झाली?” ती तरातरा माझ्यापाशी आली आणि समितीच्या टेबलाकडे वळली. अध्यक्ष वॉल्टर एल्ड्रिज तिच्याच वर्गात शिकलेला. “वॉल्टर, खाली ये.”

“बेल्मिरा, मी अध्यक्ष आहे इथे.”

“अध्यक्षाला पाय नसतात का? ये, आणि तुझ्या आजोबांचं खाचर दाखव मला यावर.”

वॉल्टर चष्मा लावून आला. वाकला. नदीवरून बोट चालवत गेला. काचेवरून का होईना, किती वर्षांनी माझ्यावर कुणाचे बोट चालले होते.

“इथे असायला हवं,” तो म्हणाला.

“काय आहे तिथे?”

“पाणी.”

“कुठल्या तळ्यात जन्मलास रे तू?” बेल्मिराने विचारले. “मासा आहेस का?”

मागे कुणीतरी खुदकन हसले. बेल्मिरा गर्रकन वळली. “हसू नका. हसून हसूनच ही वेळ आणलीय आपण. तोइवो, तू काय बूट बघतोस? नवीन आहेत का?”

“जुनेच आहेत,” तोइवो पुटपुटला.

“मग ऊठ आणि तुझं बघ.”

तोइवो उठला. खरे तर तो उठायची वाटच पाहत असावा, कारण तो भराभरा आला. “माझ्या बापाचंही बुडालंय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. “चर्चचं बुडालंय. त्या वरच्या अंगाच्या सगळ्यांची बुडालीत. या कागदावर, वकीलसाहेब, एकही खाचर नाही. मग आम्ही इतकी वर्षं फळं काय नदीत गळ टाकून काढली?”

मग खुर्च्या सरकू लागल्या. एकेक जण पुढे येऊन माझ्यावर आपली जागा शोधू लागला. लोरिंग म्हणत राहिला की अर्ज फक्त एका जागेपुरता आहे, बाकीच्यांनी घाबरायचे कारण नाही.

“आज एका जागेपुरता,” वॉल्टर म्हणाला. तो अजून माझ्यासमोरच वाकलेला होता. “उद्या तुम्हाला माझ्या आजोबांच्या खाचरापुढे बंगले बांधावेसे वाटले तर?”

लोरिंग अर्जाची पाने उलटायला लागला, आणि सभागृहाने ते पाहिले.

तेवढ्यात बेल्मिराने चौकट तिपाईवरून उचलली, टेबलावर पालथी घातली आणि मागच्या पट्ट्या वाकवायला लागली. ग्रंथालयाच्या बाई धावत आल्या.

“अहो, काय करताय? ऐतिहासिक वस्तू आहे ती.”

“मीही जुनीच आहे, बाई. मला कुठे काचेत ठेवलंय कुणी? सरका.”

काच निघाली. मला वारा लागला. वॉल्टरच्या टेबलावर लाल पेन्सिल पडलेली होती, ती बेल्मिराने घेतली आणि माझ्यावर वाकली. मला वाटले, ती सगळे नावच खोडणार. तिने ‘आंद्राद’ला हात लावला नाही. पुढचे ‘तळे’ तेवढे खोडले, दोनदा, कागद चरचरेपर्यंत दाबून, आणि शेजारी ‘खाचर’ असे लिहिले. मग पेन्सिल तोइवोच्या हातात दिली. तोइवोने आपल्या जागी ‘खाचर’ लिहून ती वॉल्टरला दिली. तिथे उभ्या असलेल्या एकानेही ‘हात लावू नये’ची आठवण काढली नाही.

कंपनीचा अर्ज त्याच बैठकीत फेटाळला गेला. एप्रिलमध्ये बेल्मिराने फळ्या काढल्या आणि पाणी नेहमीसारखे नदीला मिळाले. ग्रंथालयाने मला परत घ्यायला नकार दिला. मी म्हणे आता विद्रूप झालो होतो. शेडमध्ये मला पुन्हा चार खिळे ठोकले गेले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने हात जोडायचे असतात. मला जपा, मला सांभाळा, असे म्हणायचे असते. मी हात जोडणार नाही. जुन्या नकाशांना काचेत कोंडू नका, हे मी बजावून सांगतो आहे. आम्हाला हाताळा. आम्हाला विचारा, तुला कुणी काढले, कुठल्या ऋतूत काढले आणि त्या दिवशी कोण गप्प बसले होते. जिथे चूक असेल तिथे पेन्सिल चालवा, आम्हाला दुखत नाही. आणि उद्या कुणी एखादा जुना कागद फडकावत तुमच्या शेजाऱ्याची जमीन मागायला आला, तर बुटांकडे पाहत बसू नका. उठा आणि त्या कागदावर आधी स्वतःचे घर शोधा.

मी फाटेन तेव्हा फाटेन. तोवर माझ्यावर फाउस्तिनो आंद्रादचे नाव आहे, एक अक्षर इकडचे तिकडे नाही, आणि त्या नावापुढे त्याने केलेली जमीन आहे. ती कुणाला हवी असेल, तर त्याने पुन्हा यावे. मी इथेच आहे, उघडा.